एक मिलिग्रॅम मेंदू आणि त्याचं बिल

सिद्धेश्वर, औंढा, हिंगोली या पट्ट्यातल्या एखाद्या मुलीने झूलॉजीत एमएस्सी केलं, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात पीएचडीला नाव घातलं आणि मेंदूच्या एखाद्या छोट्या भागातले न्यूरोपेप्टाइड ओळखण्याचा विषय घेतला, तर गाइडच्या केबिनमधून बाहेर पडताना तिच्या मनात पहिला प्रश्न पैशांचाच असतो. एका सॅम्पलला किती पडतात? घरचेही तेच विचारतात, कारण फेलोशिप सुरू व्हायच्या आधीचे महिने घरच्याच पैशांवर काढावे लागतात.

आधी थोडक्यात उत्तर. हे काम मुंबई, पुणे, हैदराबाद किंवा बेंगळुरूला पाठवावं लागतं. सार्वजनिक संस्थेत, विद्यार्थ्यांच्या दराने, नुसतं वस्तुमान बघायचं असेल तर नमुन्यामागे खर्च बहुधा शेकड्यांत असतो. पेप्टाइडचं नावगाव सांगणारा रन हवा असेल तर काही हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी. कंपन्यांसाठी दर वेगळे आणि बरेच चढे. पण दरपत्रकावरचा हा आकडा निदान डोळ्यांसमोर असतो. पैसे खरे बुडतात ते मेंदू काढल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत आणि सेंटरचा फॉर्म भरताना मोकळ्या सोडलेल्या रकान्यांत. त्यामुळे या लेखात त्या दोन जागांवर जास्त थांबणार आहे.

आणखी एक आधीच सांगून टाकतो, कारण असले फोन येतात. ही रुग्णाची तपासणी नव्हे. नैराश्य, विसराळूपणा किंवा झोप न लागणं यासाठी ‘मेंदूतले पेप्टाइड तपासून देतो’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नका. इथे जे चाललंय ते प्राण्याच्या मेंदूच्या ऊतकावरचं संशोधन आहे.

विकत काय घेताय?

न्यूरोपेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. चेतापेशी आधी एक लांबलचक प्रथिन बनवते, ठरावीक जागी त्याचे तुकडे करते, टोकांवर थोडी रासायनिक कारागिरी करते आणि पुड्या बांधून ठेवते. भूक, तहान, भीती, पिलांची ओढ, दिवसरात्रीचं घड्याळ या सगळ्यांत त्यांचा हात असतो. अडचण मात्रेची आहे. मेंदूच्या छोट्या भागात एखादं पेप्टाइड पिकोमोलच्याही खाली, फेम्टोमोलमध्ये सापडतं.

पूर्वी यावर एकच उपाय होता, तो म्हणजे मेंदूंचा ढीग. १९७७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळवणाऱ्या रॉजर गिलेमाँ यांनी टीआरएच हे तीन अमिनो आम्लांचं पेप्टाइड वेगळं काढलं तेव्हा एक मिलिग्रॅम शुद्ध मालासाठी सुमारे ३ लाख मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस खर्ची पडले होते. आज एक मिलिग्रॅम लागतो तो ऊतकाचा, आणि त्यातून एका रनमध्ये अनेक पेप्टाइडची नावं निघू शकतात. हा फरक घडवला तो मास स्पेक्ट्रोमीटरने. मोठे रेणू न मोडता हवेत उडवून त्यांना विद्युतभार देण्याच्या युक्तीसाठी जॉन फेन आणि कोइची तनाका यांना २००२ चं नोबेल मिळालं.

आपल्याकडे या विषयाचं मोठं घराणं विदर्भात आहे. नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांगूर माशाच्या मेंदूत न्यूरोपेप्टाइड वाय आणि कार्ट ही पेप्टाइडं कुठे कुठे बसलेली असतात याचे नकाशे प्रतिपिंडांनी रंगवून काढले. त्यावरचे शोधनिबंध २००४ आणि २००७ चे. पुढे सुभेदार पुण्याच्या आयसरमध्ये गेले. गाइडने ‘आधी वाचून या’ म्हटलं तर सुरुवात इथून करा. प्रतिपिंड आणि मास स्पेक यांत निवड करायची वेळ आली तर व्यवहार असा आहे. प्रतिपिंड ‘कुठे’ याचं उत्तर छान देतं, पण एक कुपी एकाच पेप्टाइडची. शिवाय त्याच्यासारखंच दिसणारं भावंड पेप्टाइडही ती रंगवू शकते. मास स्पेक ‘नेमकं कोणतं’ हे सांगतं, अगदी शेवटच्या टोकावर अमाइड आहे की नाही इथपर्यंत. पण त्यासाठी ऊतकाचा लगदा करावा लागतो, त्यामुळे ‘कुठे’ची बारीक माहिती तुम्ही सुईने किती नेमका भाग उचललात त्यावरच राहते.

‘एलसी-एमएस आहे’ एवढ्यावर जाऊ नका

महाराष्ट्रात एलसी-एमएसची, म्हणजे द्रव क्रोमॅटोग्राफी जोडलेल्या मास स्पेकची, यंत्रं कमी नाहीत. द्राक्ष निर्यातीमुळे कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या; त्यांची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. पण असल्या प्रयोगशाळांत रोजचं काम बहुतेक ट्रिपल क्वाड्रुपोलवर चालतं. हे यंत्र ‘या अमुक रेणूचं प्रमाण किती’ याचं उत्तर उत्तम देतं, मात्र तो रेणू तुम्हाला आधीच माहीत असावा लागतो. ‘यात काय काय आहे’ हे शोधायला ते कामाचं नाही. त्यासाठी ऑर्बिट्रॅप किंवा क्यू-टॉफ जातीचं, जास्त विभेदनाचं यंत्र आणि त्याच्या पुढे नॅनो-एलसी हवी. फोनवर पहिलं वाक्य हेच विचारा: यंत्र कोणतं, आणि नॅनो फ्लो आहे का?

माल्डी-टॉफ हा स्वस्त रस्ता. नमुन्याचा थेंब मॅट्रिक्समध्ये कालवून धातूच्या पट्टीवर वाळवतात, लेझर मारतात, वस्तुमानांची रांग मिळते. पीयूषिका ग्रंथीत ऑक्सिटोसिनचं शिखर १००७.४ ला आणि व्हॅसोप्रेसिनचं १०८४.४ ला दिसलं की नमुना बरा निघाला एवढा विश्वास येतो. पण नुसत्या वस्तुमानावर नाव देता येत नाही. परीक्षक तो निबंध परत पाठवतील. माल्डीचे शेकडो रुपये ‘पुढचे हजारो घालावेत का’ हे ठरवण्यासाठी घाला. माल्डी इमेजिंग, म्हणजे मेंदूच्या कापावर ठिपका ठिपका लेझर मारून चित्र काढणं, दिसायला फार सुंदर असतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने त्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वाहक थराच्या खास काचा, मॅट्रिक्स फवारणीचं यंत्र आणि तासांवर लागणारं भाडं यांत वर्षाचं बजेट जातं.

हिशेब मांडून बघू

समजा एलसी-एमएसच्या एका रनला ५००० रुपये. हा आकडा कुठल्याही संस्थेचा दर नाही, गणित सोपं जावं म्हणून धरला आहे. उपाशी आणि पोटभर असे दोन गट, प्रत्येकात सहा नमुने, म्हणजे १२. बहुतेक जण इथे थांबतात आणि ६० हजार सांगून मोकळे होतात. पण आधीच्या नमुन्याचं उष्टं पुढच्यात येतं का हे पाहायला मधूनमधून कोरे रन लागतात, चार धरा. यंत्र सुरुवातीला जसं चाललं तसंच शेवटी चाललं का हे कळायला सगळ्या नमुन्यांतलं थोडं थोडं घेऊन केलेलं मिश्रण दोनदा चालवावं लागतं. झाले १८ रन, ९० हजार रुपये. जीएसटी १६ हजार २००. एकूण १ लाख ६ हजार २०० रुपये, आणि त्यात प्राणी, रसायनं, प्रवास काहीच नाही.

सीएसआयआरच्या जेआरएफला विद्यावेतन जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, पण प्रयोगाच्या किरकोळ खर्चासाठीची कंटिन्जन्सी वर्षाला २० हजार. वरच्या दराने जीएसटीसकट त्यात तीन रन बसतात. म्हणून पहिल्या वर्षी तीनच करा: एक कोरा, एक पीयूषिका ग्रंथीचा आणि एक तुम्हाला हव्या असलेल्या भागाचा. पीयूषिकेत पेप्टाइड भरपूर असतात. तिच्यातूनही काही निघालं नाही तर दोष काढण्याच्या पद्धतीत आहे, आणि उरलेले लाखभर रुपये वाचले.

कोऱ्या रनचे पैसे घेता का, हे आधीच विचारा. काही ठिकाणी नमुन्यावर आकारणी असते, काही ठिकाणी यंत्राच्या तासावर. तासावर असेल तर दोन तासांच्या लांब रनऐवजी एका तासाच्या रनवर पहिली चाचणी करून खर्च निम्म्यावर आणता येतो.

नाव पक्कं करायचं तर ते पेप्टाइड कृत्रिमरीत्या बनवून घेऊन त्याच यंत्रावर चालवावं लागतं. त्याची किंमत अमिनो आम्लांच्या संख्येवर आणि शुद्धतेवर ठरते. पाच-दहा आम्लांचं साधं पेप्टाइड परवडतं. जड समस्थानिक घातलेलं त्याच्या कितीतरी पट महाग असतं आणि ते फक्त नेमकं प्रमाण मोजायचं असेल तरच लागतं. शुद्धता ९५ टक्के मागायची गरज दरवेळी नसते. फक्त ओळख पटवायची असेल तर कमी शुद्धतेचा माल चालतो, आणि फरक बिलात दिसतो.

पहिली दोन मिनिटं

प्राणी मेला की मेंदूतली विकरं थांबत नाहीत. ती प्रथिनांचे तुकडे पाडत सुटतात, आणि मोठ्या प्रथिनांचं प्रमाण न्यूरोपेप्टाइडपेक्षा इतकं जास्त असतं की काही मिनिटांत त्या चुऱ्याचा महापूर येतो. यंत्र प्रामाणिकपणे सगळं मोजतं. रिपोर्टमध्ये शेकडो पेप्टाइड येतात, विद्यार्थी खूश होतो, आणि नावं वाचली तर हिमोग्लोबिन, ट्युब्युलिन, अ‍ॅक्टिन. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या गटाने या प्रश्नावर बरंच काम केलं. त्यांनी २००७ मध्ये स्टॅथमिन नावाच्या प्रथिनाचा २ ते २० हा तुकडा नमुना शिळा झाल्याची खूण म्हणून सुचवला. रिपोर्ट हातात आला की आधी स्टॅथमिन आणि हिमोग्लोबिन शोधा. ते यादीच्या डोक्यावर बसलेले असतील तर पुढची आकडेमोड करण्यात अर्थ नाही.

उपाय दोन: एकदम थंड करा किंवा एकदम तापवा. तापवल्याने विकरं कायमची निकामी होतात. न्यूयॉर्कच्या लॉइड फ्रिकर यांच्या गटाने २००५ मध्ये उंदराचा मेंदू प्राणी मारल्यावर लगेच मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंद तापवून हा चुरा कमी होतो हे दाखवलं. याच कामासाठी खास यंत्रंही मिळतात, पण ती आपल्या विद्यापीठांच्या आवाक्यात क्वचितच असतात. थंड करणं स्वस्त, पण त्यात एक फसगत आहे. गोठवलेलं ऊतक पुन्हा वितळलं की विकरं जिथे थांबली होती तिथून कामाला लागतात. म्हणून गोठलेला तुकडा कधीही रिकाम्या नळीत वितळू द्यायचा नाही. तो तसाच आम्लयुक्त मिथेनॉलमध्ये टाकायचा. प्रचलित मिश्रणात ९० भाग मिथेनॉल असतं आणि उरलेल्या दहांत अ‍ॅसिटिक आम्ल व पाणी. हे मिश्रण अगदी स्वस्त आहे आणि सगळ्या प्रयोगात याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

उणे ८० चा फ्रीजर कॉलेजात बहुधा नसतो, आणि असला तरी वीज जाते. पण द्रव नायट्रोजन हिंगोली जिल्ह्याला अपरिचित नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनाच्या कांड्या उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्येच ठेवलेल्या असतात. त्याचा पुरवठा कोण करतं, कोणत्या दिवशी गाडी येते, हे तिथल्या डॉक्टरांना माहीत असतं. त्यांच्या कांड्यांच्या जारमध्ये आपला माल ठेवू नका, ते त्यांना चालणारही नाही. लहान जार विभागाच्या नावाने घ्या आणि भरून घेण्यापुरती विनंती करा. तो हाताळताना खोलीची खिडकी उघडी आणि हातात जाड मोजे.

भाग उचलायची रीत १९७३ ची आहे, हंगेरीच्या मिक्लोश पाल्कोविच यांची. गोठलेल्या मेंदूचे काप पाडायचे आणि पोकळ सुईने हवा तो ठिपका टोचून काढायचा. महागडे पंच घ्यायची गरज नाही. १८ गेजच्या इंजेक्शनच्या सुईचं टोक घासून सपाट केलं की आतला व्यास सुमारे ०.८ मिलिमीटर मिळतो. एक मिलिमीटर जाड कापातून एक मिलिमीटर व्यासाचा तुकडा काढला तर तो सुमारे ०.८ मिलिग्रॅम भरतो. व्यास आणि जाडी दोन्ही निम्मी केली तर उरतो जेमतेम ०.१ मिलिग्रॅम. मग चार-पाच प्राण्यांचे तुकडे एकत्र करावे लागतात, १२ नमुन्यांसाठी ६० प्राणी लागतात, आणि हा आकडा प्राणी नैतिकता समितीसमोर समजावून द्यावा लागतो. समितीची मंजुरी प्रयोगाआधी लागते, नंतर मिळत नाही. मासे असले तरी लागते. माशांवरील प्रयोगांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना २०२१ पासून आहेत.

आता नळ्या. पेप्टाइड साध्या प्लास्टिकला चिकटतात. कमी चिकटणाऱ्या नळ्यांचं पाकीट महाग वाटतं, पण फेम्टोमोलचा माल नळीच्या भिंतीवर सोडून येण्यापेक्षा स्वस्तच. काचसामान साबणाने धुऊ नका. डिटर्जंटमधलं पीईजी रिपोर्टमध्ये ४४-४४ च्या अंतराने उभ्या राहिलेल्या शिखरांच्या पायऱ्यांसारखं दिसतं. एकदा ते सेंटरच्या कॉलममध्ये गेलं की काही ठिकाणी कॉलम धुण्याचं बिलही तुमच्याच नावाने निघतं.

मांगूर कुठला?

सिद्धेश्वर आणि वरचं येलदरी ही पूर्णेवरची धरणं. मासे जवळ, म्हणून मासाच घ्यावा हे स्वाभाविक आहे. पण बाजारात ‘मांगूर’ म्हणून जे मिळतं त्यात आफ्रिकी मांगूर मिसळलेला असतो. त्याला लोक थाई मांगूर म्हणतात, आणि त्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली आहे. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय पैशांचाही आहे. संगणक तुमच्या शिखरांची तुलना त्या प्रजातीच्या प्रथिनांच्या यादीशी करतो. प्रजात चुकली तर एखाद-दुसऱ्या अमिनो आम्लाच्या फरकाने पेप्टाइड हातचं जातं. विभागातल्या मत्स्यतज्ज्ञाकडून ओळख लेखी घ्या, एक मासा फॉर्मालिनमध्ये जपून ठेवा.

आणखी एक लक्षात असू द्या. माशात ऑक्सिटोसिनच्या जागी आयसोटोसिन असतं आणि व्हॅसोप्रेसिनच्या जागी व्हॅसोटोसिन. उंदराच्या निबंधातून वस्तुमानं उतरवून माशात शोधत बसलात तर महिना जाईल. प्रथिनांच्या यादीबाबत झेब्राफिश आणि उंदीर कितीतरी सोयीचे आहेत. स्थानिक माशाचं आकर्षण समजू शकतो, पण पहिला प्रयोग झेब्राफिशवर करावा असं मी सुचवेन.

खाटकाकडून बोकडाचं डोकं आणून सराव करायला हरकत नाही, समितीला लेखी विचारून. फक्त कवटी फोडेपर्यंत वेळ गेलेला असतो, त्यामुळे तो सराव हात बसण्यापुरता. निष्कर्ष काढण्यासाठी नाही.

फॉर्मवरचे रकाने

बहुतेक सेंटरचं नेहमीचं काम प्रोटिऑमिक्सचं असतं. नमुना आला की त्यात ट्रिप्सिन घालून प्रथिनं कापायची, मग चालवायची. न्यूरोपेप्टाइड तर पेशीनेच आधी कापलेले असतात. त्यावर पुन्हा ट्रिप्सिन चालवलं की ओळख पुसली जाते. म्हणून फॉर्मवर ठळक लिहा: ट्रिप्सिन घालू नये. फोन करून पुन्हा सांगा. नळीच्या झाकणावरही लिहा, हसले तर हसू द्या.

दुसरा रकाना संगणकाच्या शोधाचा. तिथे एन्झाइम ‘काही नाही’ ठेवायला सांगा. टोकावरचं अमाइड आणि सुरुवातीचं पायरोग्लुटामेट हे बदल शोधात घ्यायला सांगा. अमाइडमुळे वस्तुमान जेमतेम ०.९८ ने कमी होतं, पण न्यूरोपेप्टाइड वायपासून ऑक्सिटोसिनपर्यंत कितीतरी पेप्टाइडांचा तोच शिक्का आहे. आणि तिसरी गोष्ट जवळजवळ कुणी विचारत नाही, ती म्हणजे किमान लांबी. मॅक्सक्वांट हे मोफत आणि लोकप्रिय सॉफ्टवेअर मुळात सात अमिनो आम्लांहून छोटं काही धरतच नाही. एन्केफॅलिन पाच आम्लांचं असतं. म्हणजे यंत्राने ते पकडलेलं असेल, फाइलमध्ये बसलेलं असेल, तरी रिपोर्टमध्ये दिसणार नाही.

मेट-एन्केफॅलिनचंच उदाहरण जवळून बघू. त्याची माळ टायरोसिन, ग्लायसिन, ग्लायसिन, फेनिलॲलॅनिन, मेथिओनिन अशी. एक प्रोटॉन चिकटलेलं वस्तुमान ५७४.२३. यंत्र ते मोडतं तेव्हा तुकड्यांची शिखरं येतात: २२१.०९, २७८.११, ४२५.१८. दुसऱ्यातून पहिलं वजा करा, ५७.०२ येतं, म्हणजे ग्लायसिन. तिसऱ्यातून दुसरं वजा केलं की १४७.०७, म्हणजे फेनिलॲलॅनिन. पूर्ण माळ आणि शेवटचा तुकडा यांतून मेथिओनिन उरतं. हवेच्या संपर्काने मेथिओनिनवर ऑक्सिजन बसला तर तेच पेप्टाइड ५९०.२३ ला दिसतं, त्यामुळे तोही बदल शोधात घ्यावा. लू-एन्केफॅलिन ५५६.२८ ला येतं आणि त्याचे पहिले तुकडे हुबेहूब हेच असतात. फरक फक्त शेवटच्या आम्लात. आणि त्या शेवटी ल्युसिन आहे की आयसोल्युसिन हे साध्या मास स्पेकला सांगता येत नाही, दोघांचं वस्तुमान एकच. ‘सॉफ्टवेअरने नाव दिलं’ एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक महत्त्वाच्या पेप्टाइडचा स्पेक्ट्रम असा वहीत उतरवून वजाबाकी करा.

म्हणूनच रिपोर्टची पीडीएफ घेऊन परतू नका, मूळ रॉ फाइल मागून घ्या. ती हातात असली की शोध पुन्हा करायला एक पैसाही लागत नाही. मॅक्सक्वांट, वॉशिंग्टन विद्यापीठाचं स्कायलाइन, शैक्षणिक कामासाठी मोफत असलेलं एमएसफ्रॅगर, सगळं उपलब्ध आहे. त्याच्याही आधी, एकही प्राणी न मारता, युरोपच्या प्राइड संग्रहातून दुसऱ्यांच्या न्यूरोपेप्टाइडच्या रॉ फाइल उतरवून घ्या आणि हात बसवा. सिद्धेश्वरात बसून हे आज रात्रीपासून करता येतं. लागतो बऱ्यापैकी रॅमचा लॅपटॉप आणि फाइल मोठ्या असल्याने धीर.

कुठे पाठवायचं, कसं पाठवायचं

पवईच्या आयआयटीत जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने उभी राहिलेली मास स्पेक्ट्रोमेट्री सुविधा आहे. पुण्यात पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, हैदराबादला सीसीएमबी, बेंगळुरूला बाहेरच्यांना पैसे घेऊन सेवा देणारं सी-कॅम्प. देशभरातल्या संस्थांतली यंत्रं एका जागी शोधायला आय-स्टेम हे सरकारी पोर्टल २०२० पासून चालू आहे. नाव नोंदवलं की कुठे कोणतं यंत्र आहे आणि वेळ कशी मागायची ते कळतं. नांदेडकडून हैदराबाद मुंबईपेक्षा पुष्कळ जवळ आहे, हे नकाशा न बघता मुंबईचीच चौकशी करणाऱ्यांना सांगावंसं वाटतं.

गोठलेलं ऊतक ड्राय आइसमध्ये घालून नेणं ही महागडी हौस आहे. ड्राय आइस मोठ्या शहरातून आणावा लागतो, थर्मोकोलच्या पेटीत रोज थोडा उडून जातो, आणि बंद गाडीत त्याचा कार्बन डायऑक्साइड साठला तर जिवावर बेततं. त्यापेक्षा काढलेला अर्क विभागातच व्हॅक्यूम कॉन्सन्ट्रेटरवर सुकवा. नळीच्या तळाशी न दिसण्याइतका थर उरतो. त्या सुकलेल्या नळ्या बर्फाच्या जेल-पाकिटांत घालून स्वतः घेऊन जा. कुरिअरला दिलंच तर सोमवारी द्या, शुक्रवारी नाही. अर्धा माल घरी ठेवा.

पैशांचे रस्ते माहीत असू द्या: सीएसआयआर-यूजीसी नेट, आणि राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप.

कोटेशन विभागप्रमुखांच्या नावाने आणि लेटरहेडवर मागवा. विद्यार्थ्याच्या खासगी ईमेलवरून गेलं तर शैक्षणिक दर नाकारला जाऊ शकतो. कोटेशनवर जीएसटी धरलेला आहे का, कोऱ्या रनचे पैसे आहेत का, यंत्र मध्येच बंद पडलं तर रन पुन्हा करून देणार का, रॉ फाइल किती दिवस सांभाळणार, हे लेखी असू द्या. पैसे बहुतेक ठिकाणी आगाऊ भरावे लागतात आणि विद्यापीठाच्या लेखा विभागातून ते सुटायला वेळ जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांनाच ग्रँट संपवायची असते आणि रांगा वाढतात. नमुने दिवाळीच्या आधी सेंटरला पोचतील असं बघा, म्हणजे शोध दुसऱ्यांदा करायची वेळ आली तरी बिल ३१ मार्चच्या आत बसतं.